भाची १७ वर्षांची, गळा वर चढणारा: सोप्रानोसाठी कुठली गाणी निवडावीत?

टिळकवाडीची मावशी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथं गाणारे, वाजवणारे आणि नुसतेच चांगले कान असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझी भाची बारावीत आहे. नऊ वर्षं शहापुरात एका गुरुजींकडे ख्याल आणि नाट्यपदं शिकतेय, पट्टी काळी चार. शाळा कॅम्पातली, त्यामुळे क्वायरही झाली. तिथं पियानो शिकवणाऱ्या सिस्टरनी एकदा तिला सुरासुरानं वर नेत नेलं आणि म्हणाल्या, ही सोप्रानो आहे, म्हणजे बायकांतला सगळ्यात वरचा आवाज. झालं! तेव्हापासून आमच्या घरात इटालियन सुरू आहे.

डिसेंबरात कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये नाताळाच्या आधी छोटा कार्यक्रम आहे, त्यात तिला दहा मिनिटं मिळालीत. पुढच्या वर्षी गोव्याला जाऊन ग्रेडची परीक्षा द्यायचीही इच्छा आहे. तिनं स्वतःच यादी केलीय: मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधलं रात्रीच्या राणीचं गाणं, पुच्चिनीचं 'ओ मियो बाब्बीनो कारो', त्याचंच 'विस्सी दार्ते' आणि बेल्लिनीचं 'कास्ता दीवा'.

गुरुजी म्हणतात, घसा जाईल. क्वायरचे सर म्हणतात, सूर पोचतोय ना, मग गाऊ दे. ताई आणि भावजी म्हणतात, बारावी आहे. मी मध्ये. सूर खरोखर पोचतो, मी स्वतः हार्मोनियमवर ताडून बघितलाय. मग अडचण कुठं आहे? आणि ही नाहीत तर कुठली?

कुंदा पार्सल

रेल्वे गेटवर अडकलं की अख्खा ऑपेरा ऐकून होतो, त्याची सोय बेळगावात आहेच. वाचतोय.

ऑर्गनवाला, कॅम्प

मावशी, 'सूर पोचतोय' यातच सगळा घोळ आहे. मी तीसेक वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवतोय, कित्येक पोरींचे गळे वाढताना ऐकले. गाण्यात सगळ्यात वरचा सूर कुठला, हे मी शेवटी बघतो. आधी बघतो की गाणं बहुतेक वेळ राहतं कुठं. इटालियनमध्ये याला तेस्सितूरा म्हणतात. गच्चीवर जाऊन पापड वाळत घालून खाली येणं वेगळं आणि गच्चीवरच संसार मांडणं वेगळं. दोन गाण्यांचा वरचा सूर एकच असू शकतो, पण एकात तो एकदा येऊन जातो आणि दुसऱ्यात तीन मिनिटं त्याच्या अवतीभवतीच नांदायचं असतं. दुसऱ्या गाण्यानं सतरा वर्षांची पोर दमते, मान ताणते, हनुवटी वर करते. आणि एकदा तशी सवय लागली की ती सोडवायला दोन वर्षं जातात.

आता तुमची यादी.

रात्रीची राणी: हाय सी, म्हणजे सोप्रानोच्या वरच्या टोकाचा सूर, तर आहेच, त्याच्याही वरचा एफ आहे. मोझार्टनं ही भूमिका आपल्या मेहुणीसाठी, योझेफा होफरसाठी लिहिली. तिचा गळा तसा होता, म्हणून गाणं तसं. दुसरीच्या मापाचा ब्लाउज आहे हा. शिवाय त्यात आई मुलीच्या हातात सुरी देते आणि सांगते, त्याला मार, नाहीतर तू माझी मुलगी नव्हेस. नाताळाच्या हॉलमध्ये हे गायचं?

'विस्सी दार्ते' हे 'टोस्का'तलं, १९०० सालचं. पुच्चिनीचा ऑर्केस्ट्रा जाड असतो, त्याच्यावरून माइकशिवाय आवाज न्यायचा म्हणजे पिकलेला गळा लागतो. पियानोवर ते सोपं वाटतं, पण पोरगी रेकॉर्ड ऐकून शिकलेली असते आणि नकळत त्या बाईचं वजन आपल्या गळ्यात आणायला बघते. हे सगळ्यात वाईट.

'कास्ता दीवा' १८३१ च्या 'नॉर्मा'तलं. त्याच्या लांबच लांब ओळी एका श्वासावर तोलायच्या असतात. बेल्लिनीनं ते जी पट्टीत लिहिलं होतं, आज बहुतेक जणी एक स्वर खाली, एफमध्ये गातात. मोठमोठ्या बायकांनी जे खाली उतरवून घेतलं, ते आपण बारावीत करायला नको.

राहिलं 'ओ मियो बाब्बीनो'. चौघांत तेवढंच शक्यतेतलं. छोटं आहे, वर ए फ्लॅटपर्यंतच जातं. पण लोक ते प्रार्थनेसारखं गातात, मी लग्नातही ऐकलंय! मुळात ते विनोदी ऑपेरातलं आहे. पोरगी बापाला म्हणते, याच्याशी लग्न करू दे, नाहीतर पुलावरून नदीत उडी टाकीन. बापाला गुंडाळायला निघालेल्या मुलीचं गाणं आहे ते. हे कळून गाणार असेल तर पुढच्या वर्षी घ्या. यंदा नको.

माझ्याकडून: आधी जुनी इटालियन गाणी. 'कारो मियो बेन', नाहीतर स्कारलात्तीचं 'जा इल सोले दाल गांजे'. मग हेंडेलचं 'लाश्या किओ प्यांगा'. आणि चर्चचा हॉल आहे तर फोरेच्या 'रेक्विएम'मधलं, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं, 'पिए येझू'.

तंबोरा, खानापूर

ऑर्गनवाल्यांनी बरोबर सांगितलंय. आता तेच आमच्या पेटीवर मांडतो, म्हणजे गुरुजींनाही पटेल.

काळी चारचा सा धरला तर मुलीचा तार पंचम काळी दोनवर येतो. ख्यालात आपल्या बायका बहुतेक तिथवर जातात, मूडमध्ये असल्या तर धैवताला हात लावून येतात. आणि तिथवर आवाज छातीच्या जोरावर, मोकळा, थेट नेलेला असतो. आता बघा, सोप्रानोच्या आवाजाचा सांधा कुठं येतो? पांढरी तीन ते काळी तीनच्या आसपास. म्हणजे आपलं जिथं संपत आलं, तिथंच त्यांचं वळण सुरू होतं! त्या जागी आवाज छातीतून सुटून डोक्यात जावा लागतो, आणि सांधा ऐकू येता कामा नये. भाचीनं नऊ वर्षं जो गळा कमावला, तो या सांध्याच्या खालचा. वरचं घर कधी वापरलंच नाही. गुरुजींची भीती तिथली आहे. खालचाच जोर लावून पोरगी वर गेली तर घसा जाईल, हे खरंच आहे.

म्हणून गाणं मोजताना तिच्याच पट्टीत मोजा. 'लाश्या किओ प्यांगा' एफमध्ये गायलं तर तार निषादाच्या वर जात नाही. 'पिए येझू' तार धैवताशी थांबतं. 'बाब्बीनो'चा ए फ्लॅट म्हणजे नेमका अतितार षड्ज. हाय सी म्हणजे अतितार गंधार. आणि ती राणी अतितार धैवतावर नाचते. आता गुरुजींना विचारा, यातलं पहिलं काय घ्यावं.

अवांतर: आवाजाची जात म्हणजे शाळेचा गणवेश नव्हे. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणच्या रेकॉर्ड ऐका आणि नंतरच्या ऐका. घशावरच्या उपचारानंतर आवाज खाली उतरला, आणि त्याच आवाजानं त्यांना ओळख दिली. त्याच किराणा घराण्यात हिराबाई बडोदेकरांचा गळा वेगळाच, बारीक आणि गोड. सिस्टरनी आज सोप्रानो म्हटलं ते ठीक, पण ते कपाळावर गोंदवून घेऊ नका.

भाची स्वतः

मावशीनं धागा काढलाय हे मला आज कळलं 🙄

सगळ्यांचं वाचलं. दोन गोष्टी. एक, मला रडकी गाणी नकोत. हेंडेलचं रडकं, 'पिए येझू' मयताचं. दोन, 'मॅजिक फ्लूट'मध्ये पामिना नावाची जी मुलगी आहे ना, तिचं काम पहिल्यांदा आना गोटलीबनं केलं आणि ती तेव्हा सतरा वर्षांची होती. माझ्याएवढीच. मग मी का नाही?

निपाणी ते लाइपझिग

मुद्दा चांगला काढलास, आणि खरा आहे. आणखी पुढचं सांगतो: त्याच आना गोटलीबनं १७८६ मध्ये मोझार्टच्याच 'फिगारो' या ऑपेरात बार्बारीनाचं काम केलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. पण मोझार्टनं त्या बारा वर्षांच्या मुलीला काय दिलं ते बघ. एक छोटंसं गाणं, दोन मिनिटांच्या आत संपणारं. एक टाचणी पोचवायला दिली होती ती हरवली, आता मालक काय म्हणतील, एवढंच. वर कुठं उधळायचं नाही, लांब श्वास नाही. गाणं पुरं संपतही नाही, मध्येच फिगारो येतो आणि ते हवेत राहतं. पाच वर्षांनी पामिना दिली. तोवर ती रोज रंगमंचावर वाढत होती. ऑर्केस्ट्राही आजच्यापेक्षा लहान आणि हलका, तारा आतड्याच्या. तुला १७ वर्षांची पामिना दिसली, मला त्याआधीची टाचणी दिसली. टाचणीपासून सुरू कर.

मी इथं नोकरीसाठी आलो आणि हौशी क्वायरमध्ये खालच्या आवाजात गातो. इथल्या ऑपेराघरांत गाणाऱ्यांचे कप्पे असतात, त्याला फाख म्हणतात. सोप्रानोतही कप्पे: हलकी, खट्याळ मोलकरणीची कामं करणारी सुब्रेट, लिरिक, गिरक्या घेणारी कोलोराटूरा, मग मोठ्या आवाजाची ड्रामॅटिक. तुझ्या यादीत यातले बहुतेक कप्पे एकाच ताटात आहेत. कुठलीच गायिका एकाच आठवड्यात हे सगळं गात नाही. सतराव्या वर्षी तर कुठलाच शिक्षक कप्पा ठरवत नाही. गळा विशीच्या पुढं बसतो आणि मग तो स्वतःच सांगतो.

बाकी रडक्याबद्दल पुढं कोणीतरी बोलेलच.

शंकासुर

मला एक कळत नाही. घरात नऊ वर्षांचं गाणं आहे, नाट्यसंगीत आहे, मग हे इटालियन कशाला? समोर बसलेल्या कुणाला त्यातलं अक्षर कळणार नाही. सीमाभागात आपण मराठी पाट्यांसाठी भांडायचं आणि पोरींनी इटालियन गायचं?

ऑर्गनवाला, कॅम्प

शंकासुर, चर्चमध्ये आम्ही मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी आणि लॅटिन अशा सगळ्या भाषांत गातो. देवाची अजून तक्रार आलेली नाही.

गुर्लहोसूरची लेक

शंकासुरांना उत्तर द्यायला मी खास लॉगिन केलं. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म. १८८० मध्ये त्यांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, दोन वर्षांनी 'सौभद्र'. लोकांनी पैसे देऊन रात्रभर बसून गाण्यातून गोष्ट ऐकली, तीच गोष्ट तिकडं ऑपेरा करतो. पदांची चाल कर्नाटकातून आली की उत्तरेतून, हे कुणी त्यांना विचारलं नाही.

आणि गंमत बघा. आपल्याकडं बालगंधर्व पुरुष असून बाईची भूमिका करायचे आणि बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायच्या. 'फिगारो'त उलटं आहे: केरुबीनो हा प्रेमात पडलेला कोवळा पोरगा, आणि ते काम बाई करते. त्याचं 'वोई के सापेते' कायम गायलं जातं. भाचीला रडकं नको असेल तर हे बघा. मुलगी मुलाचं सोंग घेऊन लाजतेय, यात अभिनयाला भरपूर जागा. वरही फारसं जात नाही.

तंबोरा, खानापूर

केरुबीनो मात्र मेझोच्या, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या, गळ्यालाच जास्त शोभतो. शिकायला उत्तम, सोप्रानो म्हणून पहिल्यांदा उभं राहताना नाही.

रडक्याबद्दल: 'लाश्या किओ प्यांगा' रडकं नाही. १७११ च्या 'रिनाल्दो'तली कैदेतली मुलगी म्हणते, निदान रडू तरी दे मला. त्यात मान खाली नाही. शिवाय ते 'दा कापो' पद्धतीचं आहे. पहिला भाग, मधला भाग, मग पहिला पुन्हा. त्या पुन्हाला गाणाऱ्यानं सजवायचं असतं, तसाच्या तसा गायचा नसतो. आपल्या पोरींना याहून सुखाची जागा कुठली? नऊ वर्षं मुखड्यावर येताना वेगळं काय करायचं, हेच तर शिकलीय. पण जपून. मुरकी, खटका थोडा चालेल, तान नको. आणि दोन सुरांमधली मींड आवरा. ते लोक सूर जोडतात, घसरवत नाहीत. भाचीला सगळ्यात जास्त त्रास इथंच होणार आहे, सांगून ठेवतो. वरच्या सुराचा होणार नाही.

आणखी एक, सुचवत नाही पण ऐकायला सांगतो: पर्सेलच्या 'डायडो अँड ईनीअस'मधलं शेवटचं गाणं. खाली पाच बारांचा एकच उतरता तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, अगदी लहऱ्यासारखा. आणि बाई त्याच्या समेला न बांधता वरून गाते, तिची ओळ संपते तेव्हा खालचं आवर्तन मधोमध असतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडीवर ताल धरून बसलो आणि तीनदा चुकलो.

टिळकवाडीची मावशी

इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. गुरुजींना तंबोऱ्यांचं पेटीचं गणित दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतः पेटी ओढून काळी चारवरून मोजत बसले. म्हणाले, निषादापर्यंत जाऊ दे, पण सकाळी माझ्यासमोर.

भाषेचं काय करायचं? ती इंग्रजी अक्षरांत वाचते आणि सगळं ट, ड करून गाते.

निपाणी ते लाइपझिग

इथं मराठी मुलीला फुकटचा फायदा आहे, तो तिनं घालवू नये. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखेच, दाताला जीभ लागणारे. 'ट, ड' हा इंग्रजीतून आलेला रोग आहे. जोडाक्षरंही आपल्यासारखीच. 'पता' आणि 'पत्ता' यात जो फरक, तो इटालियन कानाला लगेच कळतो, इंग्रज मुलांना तो शिकवावा लागतो. म्हणून 'बाब्बीनो'त ब दोनदा दाबायचा. दोन झेड आले की 'चमच्या'तला च, सी पुढं आय किंवा ई आली की 'चहा'तला च. स्वर स्वच्छ ठेवायचे, शेवटी 'ओ'चं 'ओऊ' करायचं नाही. एका वहीत सगळे शब्द देवनागरीत लिहून काढ आणि इंग्रजी अक्षरांकडं बघूच नकोस.

'जा इल सोले दाल गांजे' म्हणजे काय माहितेय? 'गंगेवरून सूर्य आता उजळतोय.' आलेस्सांद्रो स्कारलात्तीच्या १६८० च्या ऑपेरातलं. पूर्वेचं टोक म्हणजे गंगा, असं त्यांना वाटायचं. शंकासुरांना सांगा, पहिलंच गाणं गंगेचं आहे.

सूर आणि सिरिंज

मी कानानाकघशाचा डॉक्टर आणि हौशी गायक. थोडक्यात: गाऊन झाल्यावर आवाज बसला, दुसऱ्या दिवशी वरचे हळू सूर लागेनासे झाले किंवा बोलताना घसा खवखवला, तर गाणं चुकीचं निवडलंय किंवा चुकीचं गायलं जातंय. आवाज दोन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर दुर्बिणीतून तपासून घ्या, घरगुती काढ्यावर राहू नका. मासिक पाळीच्या दिवसांत स्वरतंतूंना सूज येऊ शकते, त्या दिवसांत वरचं गाणं टाळलं तर बिघडत नाही. क्वायरच्या सरांना हे सांगायला मुली लाजतात, म्हणून मीच लिहितो.

वरच्या सुरावर शब्द कळत नाहीत, अशी लोकांची तक्रार असते. त्यात गाणारीचा दोष नसतो. राणीचा नव्हे, 'पिए येझू'तला वरचा एफ साधारण ६९८ हर्ट्झचा. 'इ' आणि 'उ' ओळखू येतात ती तोंडातली घुमाई याच्या बरीच खाली असते. म्हणून वर गेल्यावर जबडा सैल सोडून 'इ'ला 'ए'कडं झुकवावंच लागतं. तिनं वर स्वच्छ 'इ'चा हट्ट धरला तर गळा आवळेल. आपले गुरुजी वर आकार लावायला सांगतात, ते यासाठीच.

भाची स्वतः

डॉक्टरकाका, थँक्यू. खरंच कुणी सांगत नाही.

'लाश्या'चा सराव सुरू केलाय. पहिल्याच दिवशी आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "रडूलालीस की गाऊलालीस गे?" मी म्हटलं, दोन्ही. तंबोराकाका म्हणतात ते बरोबर आहे, मींड येतेच. मी पियानोवर एकेक सूर दाबून त्याच्यासोबत गाते, तेव्हा कमी येते. पेटी लावली की पुन्हा घसरते 😂

टाचणीचंही ऐकलं. आधी वाटलं, हे काय बालवाडीचं. मग गाऊन बघितलं. दोन मिनिटं आहेत, पण अवघड आहेत. काहीच घडत नाही, फक्त ती शोधतेय. मला तिथं काही करून दाखवता येत नाही, नुसतं शोधावंच लागतं.

ऑर्गनवाला, कॅम्प

आता कळलं तुला.

मावशी, व्यवहाराचं सांगतो. ही सगळी जुनी गाणी प्रताधिकारमुक्त आहेत, त्यांची स्वरलिपी आयएमएसएलपी नावाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. दुकानात 'चोवीस इटालियन गाणी' या नावाचा संग्रह मिळतो, पण घेताना वरच्या आवाजाची आवृत्ती मागा. तेच पुस्तक खालच्या आवाजासाठीही छापलेलं असतं आणि मुखपृष्ठ जवळजवळ सारखंच. आमच्या क्वायरमध्ये तीन पोरी वर्षभर खालच्या पट्टीत गात होत्या, कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या संग्रहात 'से तू मामी' नावाचं गाणं पेर्गोलेसीच्या नावावर छापलेलं दिसेल. ते बहुधा त्याचं नाही, ज्यानं एकोणिसाव्या शतकात अशी जुनी गाणी गोळा केली त्या पारिझोत्तीचंच असावं असं आता मानतात. गाणं मात्र छान आहे, नाव कुणाचंही असो.

परीक्षा घेणारी संस्था ट्रिनिटी असो वा एबीआरएसएम, त्या त्या ग्रेडची यादी असते आणि गाणी त्या यादीच्या नियमांत बसवावी लागतात. आधी यादी उतरवून घ्या, मग गाणी बसवा. पोरं उलटं करतात आणि ऐन वेळी गाणं बदलतात. चोर्ला घाटानं पणजीला जाणारच असाल तर कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागातही एकदा विचारून या, एखादा धडा मिळाला तरी फायदा होईल. आणि पॅट्रिशिया रोझारिओंचं गाणं तिला ऐकवा. मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या, जगभर गायलेल्या सोप्रानो. आपल्याकडच्या मुलीनं आपल्याकडचं नाव ऐकलेलं बरं.

मोबाइलवरच्या साथीच्या ट्रॅकवर मात्र गाऊ नका. ट्रॅक थांबत नाही, श्वास थांबतो. साथीला माणूस हवा.

शंकासुर

गंगेचं गाणं ऐकलं. बरं आहे. माझा मूळ मुद्दा कायम आहे, पण बरं आहे.

कुंदा पार्सल

शंकासुर हरले असं समजून पाव किलो कुंदा माझ्यातर्फे. स्वतः येऊन न्यावा.

टिळकवाडीची मावशी

ठरलं ते सांगते. सुरुवातीला गंगेवरचा सूर्य, कारण तो चालीनं मोकळा आहे आणि घाबरलेला श्वास त्यात सुटतो. मग टाचणी. मग 'लाश्या', पुन्हाच्या भागात दोनच जागी सजावट, त्या गुरुजींनीच बसवून दिल्या (!). शेवटी 'पिए येझू'. मयताचं म्हणून ती नाक मुरडत होती, पण फोरेनं ते १८८८ मध्ये पॅरिसच्या चर्चमध्ये पहिल्यांदा एका लहान मुलाकडून गाऊन घेतलं हे वाचल्यावर गप्प झाली. राणी, टोस्का, नॉर्मा यांच्या प्रिंट कपाटात गेल्या. 'बाब्बीनो'ची प्रिंट मात्र अभ्यासाच्या टेबलावर उघडीच आहे, ती कुणी उचलायची नाही असं तिनं बजावलंय.

आता नवी भानगड. काल हॉलवर जाऊन आलो. तिथला पियानो आमच्या पेटीपेक्षा जवळजवळ अर्धा सूर उतरलेला आहे. पावसाळ्यात बंद होता म्हणे. गळ्याला हलकं जाईल म्हणून तसाच ठेवायचा, की ट्यूनर बोलवायचा? ऑर्गनवाले काका, तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?

ऑर्गनवाला, कॅम्प

तसाच ठेवू नका. पोरीच्या कानात काळी चार नऊ वर्षं मुरलीय, अर्धा सूर खाली ऐकला की ती नकळत चढी गाईल. ट्यूनर आहे, पण फोंड्याहून येतो, आणि एकदम इतका सूर चढवला तर जुन्या तारा तुटतात. दोन खेपा लागतील. आजच फोन करतो. तोवर सराव माझ्याकडं, रविवारी चारला. टाचणीवालं आधी घेऊ.